कडकनाथची पैदास : निवडीच्या नोंदी

१० ऑक्टोबर २०२३

सोयाबीन घरात आलं. कापसाची वेचणी अंगावर यायच्या आत कोंबड्यांची वही सुरू करते आहे. परसात सध्या कडकनाथच्या १४ माद्या आणि २ नर आहेत. सगळे एका ठिकाणचे नाहीत. ६ माद्या आणि एक नर नणंदेच्या दिराकडून आले, त्याचा कळप मुळात मध्य प्रदेशातल्या झाबुआहून आणलेला. ५ माद्या आणि एक नर सरकारी उबवणी केंद्राच्या पिल्लांतून घरी वाढवले. उरलेल्या ३ माद्या आठवडी बाजारातल्या. त्यांचं मूळ कोणालाच माहीत नाही, विकणारा "एकदम असली" एवढंच म्हणत होता.

पायात प्लास्टिकच्या रिंगा घातल्या. दिराकडच्या लाल, केंद्राच्या पिवळ्या, बाजारच्या हिरव्या, प्रत्येकीवर नंबर. आता "ती तुरेवाली" आणि "ती लंगडणारी" असं चालणार नाही. लाल १ ते ६, पिवळी १ ते ५, हिरवी १ ते ३.

ठरवलंय ते एवढंच : पुढल्या वर्षी या सुमाराला पैदाशीसाठी दोन-तीन नर आणि दहा-बारा तलंगा, म्हणजे तरुण माद्या, हाताशी असाव्यात, आणि प्रत्येकाची आई कोण हे वहीत सापडावं. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्या भागात दिसेल ती काळी कोंबडी कडकनाथ झाली आहे. त्यामुळे नुसता काळा रंग पाहून मी काही निवडणार नाही.

२२ ऑक्टोबर

संध्याकाळी सगळ्या खुराड्यात चढल्यावर एकेक काढून तपासली. दिवसा पकडायला गेलं की पळापळ होते, अंधारात मुकाट हातात येतात. मोबाइलचा टॉर्च मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातात.

हात फिरवायचा क्रम ठरवला. आधी डोळा : बुबुळ गोल आणि चमकदार हवं. कडा वेड्यावाकड्या किंवा करडं पडलेलं असेल तर मॅरेक्स या रोगाची शंका, तो पक्षी बाद. मग चोच वरखाली नीट जुळते का. छातीचं हाड बोटाने शेवटपर्यंत चाचपायचं. पायाची बोटं सरळ आणि चारच. पाचवं बोट दिसलं तर त्यात सिल्की या दुसऱ्या काळ्या कातडीच्या जातीचं रक्त आहे, कडकनाथला चारच बोटं असतात. शेवटी मागचा भाग : गुदद्वार ओलसर आणि मोठं, दोन्ही बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये दोन बोटं सहज बसली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट, तेही दाबून, म्हणजे बंद.

पिवळी ५ चं छातीचं हाड मध्येच उजवीकडे वळलेलं. लहानपणी बारीक काठीवर बसायची सवय लागली तरी असं होतं, त्यामुळे हा दोष रक्तातलाच आहे असं छातीठोक सांगता येत नाही. तरी पैदाशीतून काढली. अंडी खायला ठेवू. लाल ६ ची शेपटी एका बाजूला पडते, तीही बाद.

दोन्ही नर ठीक. लाल नर वजनाला पावणेदोन किलो, पिवळा थोडा कमी. मामाजींचं मत पिवळ्या नराकडे झुकलेलं : "रंग पाहून काय कराचं? चाल पाय त्याची. दाणा टाकला का आधी कोंबड्याईले बोलावते, मंग सोता खाते." हे खरं आहे, आणि वहीत लिहिण्यासारखंही आहे. दाणा दिसला की माद्यांना बोलावणारा नर जोड्याही नीट लावतो.

५ नोव्हेंबर

अंड्यांची नोंद करायला झाकणाची खोकी तयार केली. जुन्या संत्र्याच्या पेट्या, पुढे वरून सरकणारी पाटी. कोंबडी आत शिरली की पाठीचा धक्का लागून पाटी खाली पडते. अंडं घातल्यावर आपण जाऊन सोडवायची आणि अंड्यावर पेन्सिलने नंबर लिहायचा. सकाळी आठ ते दुपारी दोन सारखं डोकवावं लागतं. शेतात जायच्या दिवशी हे काम मामाजींकडे. ते नंबर लिहितात, पण वहीत चढवत नाहीत. अंडी वेगळ्या टोपलीत ठेवतात, संध्याकाळी मी चढवते.

खोक्यांचा खटाटोप का, तर अंडी देण्याचा गुण आईबापांकडून येतो खरा, पण एका पक्ष्याकडे बघून तो नेमका ओळखू येत नाही. खाणं, थंडी, मानगुटीवर बसलेली एखादी दांडगी कोंबडी, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. वजनाचं तसं नाही. वजनदार पक्षी निवडला तर पुढच्या पिढीत वजन बऱ्यापैकी उतरतं. आणि नर तर अंडीच देत नाही. त्याची परीक्षा आई आणि बहिणींच्या आकड्यांवरूनच करावी लागते.

१९ नोव्हेंबर

हिरवी ३ खुडूक बसली. कडकनाथ सहसा बसत नाही. म्हणून तर आपण त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली किंवा मशीनमध्ये ठेवतो. मामाजी म्हणाले, "कडकनाथ हाये तं बसते काऊन मंग?" एखादी बसूही शकते, तेवढ्यावरून तिला संकरित ठरवणं बरोबर नाही. पण तिन्ही हिरव्या अंगाने भरलेल्या आहेत आणि अंडंही बाकीच्यांपेक्षा मोठं आहे.

काळेपणाचं गणित समजून घेतलं, ते इथे लिहून ठेवते. कातडी आणि आतलं मांस काळं करणारा एक जनुक आहे, तो प्रबळ. म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. दुसरा एक जनुक हा काळेपणा दाबतो. तोही प्रबळ, आणि लिंगाशी जोडलेला. पांढऱ्या किंवा पिवळ्या नडगीच्या बऱ्याच कोंबड्यांत तो असतो. कोंबड्यांमध्ये आईकडचा हा दाबणारा जनुक फक्त मुलग्यांकडे जातो, मुलींना मिळत नाही. आता कडकनाथ नर आणि फिक्या पायाची गावरान मादी यांची जोडी लावली तर? नर पिल्लं फिकट, डागाळलेली निघतात. माद्या मात्र काळ्याकुट्ट. जिभेपर्यंत काळ्या. बाजारात त्या बिनबोभाट शुद्ध म्हणून खपतात.

त्या दिवशी विकणाऱ्याकडे पंधरा-वीस तलंगा होत्या, नर एकही नव्हता. नर दाखवला असता तर सगळंच उघडं पडलं असतं.

अशा मादीवर शुद्ध कडकनाथ नर सोडला तरी पिल्लं सगळी काळीच निघतात. म्हणजे आमच्या लाल नराखाली तिचा दोष कधीच दिसणार नाही, आणि गावरान रक्त गुपचूप कळपात शिरत राहील. ती उघडी पाडायची तर नर गावरानच हवा, पण निळसर-करड्या नडगीचा आणि पांढऱ्या कातडीचा. तशा नडगीच्या नरात दाबणारा जनुक नसतो आणि काळं करणाराही नसतो. त्याच्यापासून शुद्ध मादीची सगळी पिल्लं काळी होतील. संकरित मादीची निम्मी पांढऱ्या कातडीची.

आज तिन्ही हिरव्या वेगळ्या जाळीत टाकल्या, नराशिवाय. आधीच्या नराचं वीर्य मादीच्या पोटात दोन ते तीन आठवडे टिकतं, तोवरची अंडी कामाची नाहीत.

१२ डिसेंबर

शेजारच्या काकाजींचा गावरान कोंबडा उसना आणला. नडगी निळसर-करडी, पिसांखालची कातडी पांढरी. भाडं म्हणून अर्धा डझन अंडी. त्याला हिरव्यांत सोडला. पहिल्या दिवशी हिरवी २ ने त्याला टोचून कोपऱ्यात बसवलं, दुसऱ्या दिवसापासून तो मालक.

५ जानेवारी २०२४

हिरव्यांची अंडी मशीनमध्ये लावली. प्रत्येकीची ८-९, नंबर लिहिलेली. मशीन छोटं, ५० अंड्यांचं. तापमान ३७.५ अंश. लाइटचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टरवर जोडलं. पहाटे इतकी थंडी पडते की खोलीत सगडी ठेवावी लागते, नाहीतर मशीन सारखं चालू-बंद होतं.

२७ जानेवारी

काल रात्रीपासून पिल्लं निघाली. शेवटच्या तीन दिवसांत प्रत्येकीची अंडी वेगवेगळ्या जाळीच्या डब्यांत ठेवली होती, त्यामुळे गोंधळ नाही. पोटाची लव बाजूला करून कातडी पाहिली.

हिरवी १ : ७ पिल्लं, सातही काळी. हिरवी २ : ६, सगळी काळी. हिरवी ३ : ७ पैकी ३ पिल्लांची पोटाची कातडी स्वच्छ गुलाबी, नडगी करडी.

हिरवी ३ चा निकाल लागला. तिने खरं तर एकच गुलाबी पिल्लू दिलं असतं तरी पुरलं असतं. बाकी दोघींचं काय? संकरित मादीची सातही पिल्लं योगायोगाने काळी निघायची शक्यता १२८ मध्ये एक, सहासाठी ६४ मध्ये एक. तेवढ्यावर मी त्यांना ठेवते आहे. ही परीक्षा फक्त काळेपणाच्या जनुकाची, हेही वहीत असू दे. चार पिढ्यांमागे गावरान रक्त शिरून पुढे कडकनाथमध्येच मिसळत गेलं असेल तर ते इथे दिसणार नाही. म्हणून हिरव्या घराची मुलं पुढची काही वर्षं बारकाईने बघायची.

हिरवी ३ आणि ही सगळी पिल्लं गावरान म्हणून विकायची. कडकनाथ म्हणून एकही जाणार नाही, काळ्या मुलीसुद्धा. त्यांना कडकनाथ म्हणून विकलं तर आपणही त्या बाजारवाल्याच्याच पंगतीत.

८ फेब्रुवारी

मुख्य उबवण आज लावली. जानेवारीच्या मध्यापासून जाळ्या अशा होत्या : लाल माद्यांत पिवळा नर, पिवळ्या माद्यांत लाल नर. हिरवी १ आणि २ पिल्लं निघताच, गावरान नराचा असर जावा म्हणून, नुसत्याच ठेवल्या आहेत. त्यांची अंडी महिनाअखेरीस गावरान कोंबडीखाली लावू. तोवर लाल नर त्यांच्यात टाकून पुरेसे दिवस झालेले असतील.

अंडी निवडताना ४० ग्रॅमच्या खालची बाजूला काढली. फार लांबट, फार गोल, खरखरीत कवचाचीही नाहीत. मळलेली अंडी धुवून लावत नाही, कोरड्या फडक्याने पुसून जमलं तर ठीक, नाहीतर खायला. परवा घरी आलेल्या एकाने विचारलं, अंडी काळी नाहीत, मग कडकनाथ कसली? अंडी फिकट बदामीच असतात. रक्तही लालच असतं, जरा गडद एवढंच. काळ्या रक्ताची गोष्ट कोणी पसरवली कोण जाणे, पण तिच्यामुळे अडाण्यांबरोबर शिकलेलेही फसतात.

२९ फेब्रुवारी

आज पिल्लं. सातव्या दिवशी दिव्यावर धरून पाहिली तेव्हा लाल माद्यांची अंडी जवळजवळ सगळी फळलेली होती, पिवळ्यांची पाचात एक रिकामी. म्हणजे पिवळा नर कामाचा निघाला, मामाजी बरोबर होते. हे त्यांना सांगितलं नाही.

पिल्लं निळसर काळी, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे. पायाच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक भोक पाडून खूण केली : लाल आईच्या पिल्लाला डाव्या पायात बाहेर, पिवळीच्या उजव्या पायात बाहेर. हिरवीच्यांना दोन्हीकडे करू. रिंगा या वयात बसत नाहीत. नेमकी आई कळावी म्हणून घर-खुणेबरोबर पंखावर रंगाचा ठिपका दिला, तो महिनाभर टिकवायचा आणि मग पंखाला पट्टी.

लस : सातव्या दिवशी लासोटा (राणीखेत रोगाची) डोळ्यात थेंब, चौदाव्याला गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्याला लासोटा पुन्हा, सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्यात आर-टू-बी, तीही राणीखेतचीच. बर्फाच्या डब्यातून आणायची आणि दोन तासांत संपवायची. गावातल्या तीन घरी मिळून एक बाटली घेतली, कारण १०० डोसांची बाटली एका घराला परवडत नाही.

माद्यांचा हिशेब, नोव्हेंबर ते फेब्रुवारी

लाल ४ : ५२ अंडी. लाल २ : ४७. हिरवी १ : ४१. पिवळी १ : ४०. बाकी तिशीत. सगळ्यात खाली पिवळी २, अंडी २७. दिसायला मात्र पिवळी २ म्हणजे राणी. पिसांवर हिरवी झाक, तुरा जांभळा, पाहुणा आला की तिच्यासमोरच थांबतो.

२५ एप्रिल

आठ आठवडे झाले. पहिली चाळणी. नर साधारण ४५० ते ५२० ग्रॅम, माद्या ४०० च्या आसपास. मुंगसाने पाच पिल्लं नेली होती, त्यामुळे हाताशी ४१.

या वयात फक्त दोष काढायचे : वाकडी बोटं, आतल्या बाजूला टेकणारे गुडघे, जुळत नसलेली चोच, तुऱ्याच्या बाजूला फुटलेलं जास्तीचं टोक. नऊ बाद. वजनात सगळ्यात खालची चारही काढली. जास्त वजनाच्या मागे लागायचं नाही. सगळ्यात जड तेच ठेवत गेलं तर चार-पाच पिढ्यांत परसात फिरून खाणारा हलका पक्षी राहणार नाही, आणि उन्हातही तो टिकणार नाही.

२८ मे

नवतपा. पारा ४५ च्या वर. नोंद घेण्यासारखं काही नाही. कोंबड्या चोच उघडी टाकून निंबाखाली, दुपारी गोणपाट ओलं करून जाळीवर. अंडी कमी, आणि या दिवसांत नराचं वीर्यही मंदावतं, त्यामुळे उबवणीला एकही अंडं लावत नाही. एक नर उन्हाने गेला, पिवळी १ चा.

१८ ऑगस्ट

नर निवडले. साडेपाच महिन्यांचे. उरलेले १३ नर समोर, वही हातात.

सगळ्यात उठून दिसणारा पिवळी २ चा मुलगा. १ किलो ७००, चाल डौलदार, तोंड उघडलं की आतून सगळं काळं. बघायला येणारा प्रत्येकजण आधी चोच उघडून जीभ बघतो, आणि याची जीभ बघून भाव वाढवतो. मीही त्याच्याजवळ जरा जास्तच थांबले. पण त्याच्या आईची २७ अंडी, आणि पहिल्या अंड्यावर आलेल्या त्याच्या दोन बहिणीही सुस्त. त्यात बाप लाल नर. हिरव्या तलंगांचाही बाप तोच, म्हणजे त्यांच्यावर याला सोडणं म्हणजे सावत्र भावंडांची जोडी.

ठेवला तो लाल ४ चा मुलगा. १ किलो ४५०. तुरा थोडा लालसर दिसतो, पण मोठ्या नराच्या तुऱ्यात उन्हाने आणि वयाने लाली येतेच. नडगी, चोच, कातडी, जीभ सगळं गडद. दाणा टाकला की बापासारखाच माद्यांना बोलावतो. आणि चार वर्षांचा पुतण्या जाळीत शिरला तेव्हा त्याच्यावर धावून गेला नाही. माणसावर उडणारा नर मी कितीही चांगला असला तरी ठेवत नाही, तो स्वभाव पुढे उतरतो.

दुसरा लाल २ चा. तिसरा हिरवी १ चा. हिरवी २ च्या दोन्ही मुलांचे खांदे अरुंद, ते गेले.

३ सप्टेंबर

काल पोळा, आज कर. सकाळपासून कोंबड्यांची मागणी. पिवळी २ च्या मुलासाठी पुलगावहून एक गृहस्थ आले, पैदाशीला पाहिजे म्हणाले. त्यांना वही दाखवली, आईचा आकडा दाखवला. म्हणाले, "आकडे राहू द्या ताई, नर लाखात एक हाये." कापायच्या भावाच्या दुप्पट देऊन घेऊन गेले. मामाजी दिवसभर खूश. त्यांच्या मते मी उगाच आकडे दाखवले. माझ्या मते घेणाऱ्याला कळायला हवं होतं, मग घ्यायचं की नाही ते त्याचं.

२० ऑक्टोबर २०२४

जाळ्या लावल्या.

पिवळं घर : पिवळ्यांच्या ५ तलंगा आणि पिवळी १, नर लाल ४ चा मुलगा.
हिरवं घर : ३ तलंगा, हिरवी १ आणि २, नर लाल २ चा मुलगा.
लाल घर : ४ तलंगा, लाल २ आणि ४, नर हिरवी १ चा मुलगा.

मुली आईच्या घरी राहतात, नर दुसऱ्या घरी जातो. भावा-बहिणीची किंवा बाप-मुलीची जोडी लागली तर पिल्लांत २५ टक्के अंतःप्रजनन येतं, आणि आधी अंडी फळायची कमी होतात. तीन घरं असल्यावर ही वेळ काही वर्षं टाळता येते. पिवळ्या घराचा एकही नर ठेवला नाही, त्यामुळे पुढल्या वर्षी फिरवताना अडचण येणार. नणंदेच्या दिराकडून एक नवा नर आणायचा की पिवळी १ च्या पुढच्या मुलांची वाट बघायची, हे मामाजींबरोबर अजून ठरलेलं नाही. ते नवा आणायच्या बाजूचे. माझा कल थांबायचा, कारण नव्या नराच्या आईचा आकडा कोण सांगणार.

तलंगांची पहिली, लहान अंडी घरी खायची. ४० ग्रॅमच्या वर गेल्यावर नंबर टाकायचे. खोक्यांच्या दोन पाट्या फुगल्या आहेत, रंधा मारून घ्यायच्या.